झाड चुकलं की सगळं चुकलं

ऑक्टोबर संपत आला की आमच्याकडे एक ठरलेला वाद दरवर्षी उकरून निघतो. यंदाही निघाला. परवा धनुष्याच्या सरावाच्या मैदानावर आम्ही चार-पाच जण बाण गोळा करत होतो. एक नवीन मुलगा विचारत होता की, यंदा पहिल्यांदाच माजाच्या दिवसांत शिकारीला बसणार आहे, मचाण कुठे लावू? आमच्यातला एक जुना भिडू, वीस-पंचवीस वर्षं शिकार करणारा, खांदे उडवून म्हणाला, "जिथे सगळ्यात जास्त हरणं दिसतात तिथे बस. बाकी सगळं नशीब." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

झालं, माझं डोकं फिरलं. पार्किंगमध्ये अर्धा तास कडाक्याच्या थंडीत मी एकटा आणि समोर ते चौघे. घरी येऊन तेच बायकोला ऐकवायला लागलो तर ती म्हणाली, "माझं डोकं नको खाऊस, लिहून काढ." तर लिहितोय.

आत्या, तू हे वाचणार आहेस ते मला माहीत आहे. आधी शेवटपर्यंत वाच, मग फोन करून ओरड. :-)

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. मी राहतो विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्य भागात. हिमयुगात हिमनद्यांनी आजूबाजूचा मुलूख रंधा मारल्यासारखा सपाट केला, पण हा तुकडा त्यातून सुटला. त्यामुळे इथे डोंगराच्या धारा आहेत, घळी आहेत, खिंडी आहेत. साताऱ्याकडच्या माणसाला परकं वाटू नये असा भूगोल. फक्त आंब्या-फणसाच्या जागी ओक, आणि नोव्हेंबरात पारा शून्याखाली. इथलं हरीण म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण. आणि या राज्यात धनुष्यबाणाने हरणाची शिकार ही काही अलीकडची टूम नाही. १९३४ साली इथेच दोन काउंट्यांत फक्त धनुर्धरांसाठी वेगळा हंगाम ठेवला गेला होता. रीतसर परवाना, ठरलेली संख्या, ठरलेले दिवस. भारतात १९७२ च्या कायद्यानंतर शिकारीची दारं बंद झाली, आणि तिथली परिस्थिती बघता ते योग्यच झालं असं माझं मत आहे. इथली परिस्थिती उलटी. लांडगे बहुतेक उत्तरेला, वाघ-बिबट्या नाहीत, आणि हरणं मक्याच्या शेतांवर पोसलेली.

आता माज. गाय माजावर येते हे गावाकडे वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. हरणांचं तसंच, फक्त सगळ्या माद्या वर्षातून एकदाच, आगेमागे त्याच दिवसांत. दिवस लहान होत जातो, उजेड कमी होतो, तो हिशेब त्यांच्या अंगात पक्का बसलेला असतो. थंडी पडली म्हणून किंवा पौर्णिमा आली म्हणून माज येतो असं इथे अनेक जण छातीठोकपणे सांगतात, पण घड्याळ आहे ते सूर्याचं. आमच्या भागात नोव्हेंबरच्या मध्याला तो भरात असतो. साधारण दोनशे दिवसांनी, मे अखेरीस-जूनमध्ये, गवत वर आलेलं असताना पाडसं जन्माला येतात. एक मादी जेमतेम एक-दोन दिवस माजावर असते. त्यामुळे वर्षभर रात्रीच बाहेर पडणारा, सावलीलाही बिचकणारा थोराड नर या दोन-तीन आठवड्यांत भर दुपारी डोंगर पालथे घालत फिरतो.

म्हणून सगळे शिकारी याच दिवसांत रजा टाकतात. आणि म्हणूनच सगळ्यात जास्त चुका याच दिवसांत होतात.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. आपल्या बाणाने ते जनावर लगेच मरणार की तडफडत मरणार, हे बाण सोडताना ठरत नाही. मचाणासाठी झाड निवडताना ठरतं. म्हणून "हरणं कुठे दिसतील?" हा प्रश्नच चुकीचा आहे. "हरीण इथे आलं तर माझ्यासमोर कसं उभं राहील?" हा खरा प्रश्न.

ही अक्कल मला पुस्तकातून आलेली नाही. २०१६ सालच्या ११ नोव्हेंबरला शुक्रवार होता, मी रजा टाकली होती. एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या जमिनीवर बसायची परवानगी मिळाली होती. त्याचं अल्फाल्फाचं शेत होतं, अल्फाल्फा म्हणजे आपलं लसूणघास. शेताच्या कोपऱ्यावर एक मोठं झाड होतं. तिथून सगळं शेत दिसायचं. मी खूश! संध्याकाळी चार वाजल्यापासून हरणं उतरायला लागली. दोन, पाच, नऊ. मी मोजत होतो. भावाला मेसेजसुद्धा टाकला, "आज सर्कस आहे."

मग एक मादी उधळली आणि तिच्यामागे तो आला. त्यांनी शेताला दोन चकरा मारल्या. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मी मचाणावर नुसता गरगर फिरतोय. शेवटी मी तोंडाने "म्यॅ" असा आवाज काढला. तो थबकला. चौतीस मीटर. छाती माझ्याकडे, अंग तिरकं. मला माहीत होतं की असा बाण सोडायचा नसतो. समोरून खांद्याचं हाड आणि दोन्ही फुप्फुसांतून आरपार जायला वाटच नाही. पण चार तास थंडीत बसल्यावर, नऊ माद्या मोजल्यावर, समोर आयुष्यात पाहिलेला सगळ्यात मोठा नर उभा असताना...

सोडला.

रात्री साडेअकरापर्यंत बॅटरी घेऊन रक्ताच्या मागावर फिरलो. आधी पानापानावर रक्त होतं, मग दहा-दहा पावलांवर एकेक थेंब, मग काहीच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे परत गेलो. तो शेतकरी, त्याचा मुलगा आणि मी, तिघांनी मिळून संध्याकाळपर्यंत प्रत्येक घळ, प्रत्येक झुडूप पाहिलं. सापडला नाही. तो जगला की कुठेतरी खाली ओढ्याकाठी चार दिवसांनी मेला, ते मला आजही माहीत नाही. मैदानावर सांगितलं तेव्हा याच जुन्या भिडूने पाठीवर थाप मारून म्हटलं होतं, "होतं असं. नशीब."

म्हणून परवा तो शब्द ऐकून मी भडकलो. नशीब कसलं? बोट माझं होतं, हे तर खरंच. पण त्याच्याही आधी, ऑक्टोबरमध्ये, मी असं झाड निवडलं होतं जिथे जनावर कुठूनही येऊ शकत होतं, कुठेही जाऊ शकत होतं, आणि नीट आडवं उभं राहायला त्याला काहीच कारण नव्हतं. मी जागा निवडली होती बघायला. आणि बसलो होतो मारायला.

आता तुम्ही म्हणाल, बाण कसाही लागला तरी जनावर मरतंच ना? नाही हो. बंदुकीची गोळी आणि बाण यांत फरक आहे. बाण मारतो तो रक्तस्रावाने. आडव्या उभ्या हरणाच्या दोन्ही फुप्फुसांतून बाण गेला तर ते काही सेकंदांत कोसळतं, बहुतेकदा शंभरेक मीटरच्या आत. पण एकच फुप्फुस, किंवा खांदा, किंवा पोट, तर मग ती माझ्यासारखी रात्र. शिवाय बाणाचा वेग. कप्प्या लावलेल्या आजच्या चांगल्या धनुष्याचा बाण सेकंदाला ८५ मीटरच्या आसपास जातो, आणि दोरीचा आवाज जातो ३४० मीटरने. सतरा मीटरवर बाणाला लागतात दोन दशांश सेकंद. चौतीस मीटरवर चार दशांश. तेवढ्या वेळात आवाजाने दचकलेलं हरीण उडी मारायला म्हणून आधी खाली दबतं आणि बाण भलत्याच ठिकाणी लागतो. म्हणजे अंतर, कोन, आणि जनावर निवांत आहे की नाही, या तिन्ही गोष्टी हव्यात. आणि तिन्ही ठरतात त्या झाडावरून.

आता लोक काय करतात ते बघा.

काही जण शेताच्या कडेला बसतात, माझ्यासारखे. काही जण नराने जमीन खुराने उकरून त्यावर मुतून ठेवलेली जागा शोधतात आणि तिच्यावर नजर लावून बसतात. अशा उकरलेल्या जागांना नर भेट देतो ती बहुतेक रात्री. आणि माज भरात आला की तो त्याही सोडून देतो, कारण आता प्रत्यक्ष मादीच्या मागे जायचं असतं. काही राज्यांत, काही भागांत मक्याचा ढीग टाकून त्यावर बसतात. आमच्या भागात हरणांच्या मेंदूच्या रोगामुळे ते बेकायदा आहे, आणि असायलाच हवं, कारण एका ढिगावर दहा तोंडं आली की रोग पसरायला वेगळं काही करावं लागत नाही. आपल्याकडचे संस्थानिक रेडकू बांधून वर मचाणावर बसायचे, त्याचीच ही स्वस्त आवृत्ती. आणि शिवाय हे मूर्खपणाचंही आहे. माजातल्या नराला खाण्यात रस नसतो. या काळात तो बराच वाळतो.

आणि मग ते कॅमेरे. झाडाला बांधायचे, जनावर गेलं की आपोआप फोटो, आणि आता तर तो थेट फोनवर. आमच्या मैदानावर प्रत्येक जण फोन काढून दाखवत असतो, "हा बघ, काल रात्री दोन वाजता." अ‍ॅरिझोनाने २०२२ पासून शिकारीसाठी असे कॅमेरे वापरायला बंदी घातली. आमच्याकडे तशी नाही, आणि माझा आक्षेप कायद्याचा नाहीच. माझा आक्षेप हा की कॅमेरा फक्त एवढंच सांगतो की काल इथे एक नर होता. माजाच्या दिवसांत कालचा नर आज तीन डोंगर पलीकडे असतो, किंवा एखाद्या मादीला घेऊन कोपऱ्यात दोन दिवस बसलेला असतो. तो फोटोतला नर परत येईल म्हणून त्याच झाडावर आठ दिवस बसणारी माणसं मी पाहिली आहेत.

मग बसायचं कुठे?

आधी माद्या शोधायच्या, नर नाही. माद्या दिवसा कुठे रवंथ करत बसतात त्या जागा तशा ठरलेल्या असतात. दाट झाडोरा, उन्हाची उतरण, तोडलेल्या रानात नव्याने फुटलेली झुडपं. नराचं काम या काळात एकच. अशा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जायचं आणि कोण माजावर आहे ते हुंगायचं. तो शहाणा असेल तर प्रत्येक झुडपात शिरत नाही. वारा जिथून येतो त्याच्या आडच्या उतारावर, धारेच्या थोडं खालून चालतो. वरून वारा माद्यांचा वास आणतो आणि खालून ऊन तापलं की चढणारी हवा दरीतला वास आणते. एका वाटेने चालत दोन्हीकडची खबर!

पण सगळा उतार आपण अडवू शकत नाही. म्हणून नकाशा घेऊन बसायचं आणि बघायचं की जमीनच त्याला कुठे चिमटीत पकडते. दोन टेकड्यांमधली खिंड. खोल घळीचं वरचं तोंड, कारण घळ ओलांडण्यापेक्षा वळसा घालणं सोपं. काठ उंच असलेल्या ओढ्याचा एकमेव उतार. कुंपणाची तार जिथे खाली पडली आहे ती जागा. शिवाजी महाराजांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला खिंडीचं महत्त्व अमेरिकन माणसाने समजावून सांगावं, ही खरं तर आपल्यासाठी लाजेची गोष्ट आहे! अशा ठिकाणी जनावर आपोआप संथ होतं. वाट एकच असते. ते कुठून येणार आणि आपल्यासमोर आडवं कधी होणार हे आधीच कळतं.

आणि मग झाड. वाटेपासून पंधरा-अठरा मीटरवर, आणि वारा वाटेकडून आपल्याकडे येणारा. वाटेच्या अगदी डोक्यावर नाही. लोकांना वाटतं जितकं जवळ आणि जितकं उंच तितकं छान, पण थेट खाली सोडलेला बाण एकच फुप्फुस घेतो. पाच-सहा मीटर उंची पुरे. आणि आपण त्या झाडापर्यंत जाणार कुठून? माद्यांच्या बसायच्या जागेतून विजेरी घेऊन पहाटे गेलो तर मग सगळा अभ्यास पाण्यात. वारा उलटा असेल त्या दिवशी त्या झाडावर चढायचंच नाही. मग भले रजा वाया जाऊ दे.

इथे तो जुना भिडू म्हणतो, "अरे, माजातला नर आंधळा असतो. वारा-बिरा काही बघत नाही." हे तर मला सगळ्यात जास्त खटकतं. जो प्राणी नाकाने शोधत हिंडतोय तो नाक बंद करून कसा हिंडेल? शिवाय नर एक वेळ दुर्लक्ष करेलही, मादी करत नाही. तिला माणसाचा वास आला की ती पाय आपटते, फुसकारते आणि निघून जाते. आणि ती जिकडे जाते तिकडे तोही जातो.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो मी लपवत नाही. असं बसलं की हरणं कमी दिसतात. फार कमी. गेल्या वर्षी सरकारी रानातल्या एका खिंडीत मी सात दिवस बसलो. तिथे मचाण रोज पाठीवर न्यायचं, चढवायचं, संध्याकाळी उतरवून परत आणायचं, असा नियम. मचाण म्हणजे तरी काय, पाट ठेवावा एवढी अ‍ॅल्युमिनियमची फळी आणि अंगाला पट्टा. (पट्टा न लावता चढणाऱ्यांवर वेगळी पोस्ट लिहीन. दरवर्षी कुणी ना कुणी पडतं.) पाच दिवस खारींशिवाय काही नाही. सहाव्या दिवशी एक नर आला, पण खिंडीतून न येता चाळीस मीटरवरून वरच्या अंगाने गेला. मी धनुष्य उचललंच नाही. सातव्या दिवशी सकाळी साडेनऊला एक मध्यम नर आला, पडलेल्या तारेपाशी थांबला, आडवा, सोळा मीटर. बाण गेल्याचं त्याला कळलंही नसावं. चार उड्या मारून उभा राहिला, इकडेतिकडे पाहिलं आणि खाली बसला. साठ पावलं मोजली मी.

आनंद झाला का? झाला. आणि हात थरथरत होते, डोळ्यांत पाणीही होतं. दोन्ही खरं.

आता आत्या, तुझा प्रश्न. गेल्या दिवाळीत तू फोनवर म्हणालीस, "मारायचंच आहे तर एवढी नीती कशाला सांगतोस? मेलेल्याला काय फरक पडतो?" मी तेव्हा विषय बदलला. आज उत्तर देतो. मेलेल्याला फरक पडत नाही. पण त्याच्या शेवटच्या काही मिनिटांना पडतो, किंवा चार दिवसांना. ताटातल्या मटणाबाबतीत हा हिशेब कुणीतरी दुसरा करतो आणि आपण विचारत नाही. इथे तो माझ्यावर आहे. आणि तो हिशेब ऐन क्षणी करता येत नाही, हे मी ११ नोव्हेंबरला शिकलो. त्या क्षणी छाती एवढी धडधडते की माणूस आपला राहत नाही. तिथे संयम दाखवू असं म्हणणारा स्वतःला फसवतो. म्हणून तो आधी, डोकं थंड असताना, नकाशासमोर बसून करायचा. असं झाड शोधायचं की जिथे वाईट बाण सोडायचा मोहच कमीत कमी होईल.

त्या नवीन मुलाला मी शनिवारी बरोबर घेऊन जातोय. झाड दाखवणार नाही. नकाशा देणार आणि विचारणार, "जनावर इथे का थांबेल?" उत्तर देता आलं तर चढ.

जुना भिडू हसेल. हसू दे. असो.

ता.क. - काहींनी मागच्या वेळी हरणाच्या मटणाची कृती विचारली होती. कृती आईच्या मटणाच्या रश्श्याचीच आहे, फक्त चरबी कमी म्हणून तेल थोडं सढळ हाताने आणि शिजवायचं मंद आचेवर. पण आमच्या भागात त्या रोगाची चाचणी मोफत करून मिळते. मी मुंडकं तपासायला देतो आणि निकाल येईपर्यंत मटण फ्रीझरमध्येच ठेवतो. बायकोचा हा नियम आहे, आणि याबाबतीत वाद घालायची माझी हिंमत नाही.